चर्चच्या टोकाचा अंपायर

१

विल्फ्रेड हार्ग्रीव्ह गेले त्या संध्याकाळी मी क्रिकेट क्लबच्या मोरीत चहाचे कप विसळत उभी होते. सामना संपला होता. निदरगिलची पोरं बसमधून गाणी म्हणत निघून गेली होती आणि आमची क्रॉसबेकची मंडळी तोंडं पाडून पबमध्ये जाऊन बसली होती. एका धावेने हरलो होतो. अशा दिवशी कप विसळायला कुणी येत नाही, हे मला या गावात अर्धं आयुष्य काढल्यावर चांगलं ठाऊक आहे.

तेवढ्यात दारातून हाक आली, "सिस्टर, पाणंदीत या. लवकर."

मला नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गावात कुणाला नुसतं खरचटलं तरी आधी मीच आठवते. हात पुसत गेले. माळावरून गावात उतरणारी आमची पाणंद अरुंद आहे, दोन्ही बाजूंना दगडी भिंती. माणूस आणि गाडी समोरासमोर आली तर माणसाने भिंतीला चिकटायचं, ही इथली पद्धत. त्या भिंतीशी विल्फ्रेड कुशीवर पडले होते. अंपायरचा पांढरा कोट अजून अंगावर होता. मी नाडी बघितली, पण हात लावल्याबरोबरच कळलं होतं.

शेजारी व्हॅन उभी होती आणि तिच्या चाकाशी त्यांचा नातू कॉलिन उकिडवा बसला होता. पंचविशीचा दांडगा गडी, पण लहान पोरासारखा थरथरत होता.

"मी हॉर्न दिला होता, सिस्टर," तो म्हणाला. "परत परत दिला. ते बाजूला झालेच नाहीत."

गावचा हवालदार बॉब ॲकरॉइड आला. त्याने चाकांच्या खुणा बघितल्या, कॉलिनकडे बघितलं आणि मला बाजूला घेतलं.

"व्हॅन मागून आली आहे. ब्रेक अगदी शेवटी लावलाय," तो म्हणाला. "आणि दुपारी मैदानावर हा म्हाताऱ्याला काय काय बोलला ते अख्ख्या गावाने ऐकलंय."

"बॉब, त्याचा आजोबा आहे तो."

"म्हणून तर," बॉब म्हणाला. "सिस्टर, बॅटची कड घेऊन गेलेला चेंडू ज्या माणसाला बिनचूक ऐकू येत होता, त्याला व्हॅनचा हॉर्न ऐकू आला नाही म्हणे. हे कुणाला पटेल?"

मलाही पटलं नाही. तेच तर वाईट होतं.

२

आता दुपारचं सांगते, म्हणजे बॉब काय म्हणत होता ते कळेल.

निदरगिल आणि आम्ही, वर्षातून एकदा खेळतो. दोन्ही गावं आपापला एक अंपायर देतात. आमचे विल्फ्रेड. गावची कापडगिरणी बंद पडली त्याच्याही आधीपासून तेच. चर्चकडच्या टोकाला ते उभे राहायचे, दुसऱ्या टोकाला पाहुण्यांचा माणूस. टोक बदलू या असं कुणी म्हटलं की म्हातारा हटून बसायचा. समोरच्या टोकाला, सीमेबाहेरच्या पांढऱ्या पडद्याला लागून, त्यांची बायको नोरा खुर्ची टाकून विणत बसायची. लाल लोकर. वर्षानुवर्षं तेच लाल काहीतरी, कधी पुरं न होणारं. आम्ही तिला चिडवायचो, "नोरा, हा स्वेटर घालणारा अजून जन्माला यायचाय का गं?" ती हसायची आणि विणत राहायची.

विल्फ्रेडच्या कानांची ख्याती पंचक्रोशीत होती. बॅटला चेंडू नुसता चाटून गेला तरी त्यांना कळायचं. कुणी झेलाचं अपील केलं की ते घाई करायचे नाहीत. सरळ समोर, लांबवर बघत उभे राहायचे. आवाज मनात पुन्हा ऐकतात, असं लोक म्हणायचे. मग बोट वर जायचं किंवा मान हलायची, आणि पुढे कुणी हूं का चूं करायचं नाही.

खरं तर आमच्या गावाला अंपायरची गरजच कमी. आमच्याकडची रीत अशी की चेंडू बॅटला लागून झेल गेला, तर खेळाडू अंपायरच्या तोंडाकडे बघत नाही. बॅट काखेत मारतो आणि चालायला लागतो. लागला नसेल तरच उभा राहतो. बाहेरगावचे उभे राहतात, नशीब आजमावतात. क्रॉसबेकचा माणूस तसं करत नाही, आणि करील तो पुन्हा पबमध्ये कुणाच्या शेजारी बसू शकत नाही.

त्या शनिवारी जिंकायला दोन धावा हव्या होत्या. शेवटची जोडी. समोर कॉलिन, विल्फ्रेडचा एकुलता एक नातू. गोलंदाज चर्चच्या टोकाकडून आला, कॉलिनने बॅट फिरवली, चेंडू कीपरच्या हातात गेला आणि निदरगिलची सगळी पोरं हात वर करून ओरडली. कॉलिन उभा राहिला.

मी किटली हातात घेऊन दारात उभी होते. विल्फ्रेड समोर बघत होते. नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत होते असं मला वाटलं. मग त्यांनी बोट वर केलं.

आमच्या बाजूला एवढी शांतता पसरली की मला किटलीतलं पाणी हललेलं ऐकू आलं. कॉलिन ताडताड त्यांच्यासमोर गेला आणि तोंडावर बोलला, "सख्खा नातू आहे म्हणून मुद्दाम दिलंत ना आउट? गावात नाव व्हावं म्हणून? आजपासून मला तुमचं तोंड बघायचं नाही." विल्फ्रेडचा चेहरा पांढराफटक पडला. ते पाठ फिरवून चालायला लागले.

दहा पावलं गेले असतील नसतील, कॉलिनचं त्याचं त्यालाच कसंतरी झालं. त्याने मागून हाक मारली, "आजोबा." मग मोठ्याने, "आजोबा, थांबा की." म्हाताऱ्याने मान वळवली नाही. आम्ही सगळ्यांनी बघितलं. माणूस किती दुखावलाय, असंच प्रत्येकाच्या मनात आलं.

३

सोमवारी सकाळी कॉलिनची आई जोन माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. ही विल्फ्रेडची मुलगी. लग्नाआधीच लीड्सला गेली, तिथेच राहिली. दोन दिवसांत तिचा बाप गेला होता आणि मुलगा कोठडीत बसला होता. मी चहा केला, तिने कपाला हात लावला नाही.

"आई एक शब्द बोलत नाही," ती म्हणाली. "गावात दोनच गोष्टी चालल्यात. एक म्हणजे माझ्या पोराने माझ्या बापाला मारलं. दुसरी म्हणजे बाबाच मुद्दाम गाडीपुढे उभे राहिले, चुकीचा निकाल दिल्याची लाज वाटून. यातली कुठली मी मान्य करू? तुम्ही सांगा, सिस्टर."

"तुझे बाबा काय म्हणायचे तुझ्याशी? हल्ली बोलणं झालं होतं?"

"बाबा फोनवर कुठे येतात. फोन उचलायचा तो आईनेच. मी म्हणायचे, बाबांना दे ना. ती म्हणायची, ते बागेत आहेत. वर्षानुवर्षं बागेत." तिला हसू आलं आणि लगेच रडू आलं. "मी आले की मात्र समोर बसवून घ्यायचे. माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. मला वाटायचं, किती माया."

मी बॉबकडे गेले. कॉलिनला भेटू दे म्हटलं. बॉब नियम सांगायला लागला, तेव्हा त्याच्या ढुंगणावर पहिली सुई मीच टोचली होती याची त्याला आठवण करून दिली. त्याने कुलूप काढलं.

कॉलिन कोपऱ्यात बसला होता. म्हणाला, सामन्यानंतर तो व्हॅन घेऊन माळावर जाऊन बसला होता. राग उतरल्यावर आजोबांच्या घरी माफी मागायला खाली येत होता. "ते पुढे चालताना दिसले. पाणंदीच्या मधोमध. मी हॉर्न दिला. सगळे सरकतात ना भिंतीला, मला वाटलं सरकतील. परत दिला. मग ब्रेक दाबला, पण उतार होता." त्याने डोळे मिटले. "त्यांनी मागे बघितलंच नाही, सिस्टर. मैदानावर बघितलं नाही तसंच. मला वाटलं, अजून रागात आहेत."

"मला एक सांग. तो चेंडू लागला होता का रे?"

त्याने भिंतीकडे बघितलं. "मी उभा राहिलो ना?" तो म्हणाला.

आमच्याकडे हे उत्तर पुरतं. मी पुढे काही विचारलं नाही.

बाहेर बॉब उभा होता. "म्हातारा संध्याकाळी वर माळाकडे, कॉलिनच्या भाड्याच्या खोलीवर जाऊन आला होता," तो म्हणाला. "घरमालकिणीने सांगितलं. दार ठोठावलं, कॉलिन नाही म्हटल्यावर परत फिरला. म्हणजे भांडण मिटलेलं नव्हतं. आणि आणखी एक. हॉर्न वाजला होता, याला साक्षीदार मिळालाय."

"मग झालं तर. पोरगा खरं बोलतोय."

"उलटंच, सिस्टर. हॉर्न वाजला, म्हाताऱ्याने ऐकला आणि तरी तो हलला नाही. म्हणजे एकतर म्हाताऱ्याला मरायचं होतं, नाहीतर पोराला थांबायचं नव्हतं. तिसरं काय असणार?"

४

साक्षीदार होते आमचे पाद्री, टिंडलसाहेब. पाणंदीच्या वरच त्यांची बाग आहे. ते गुलाबांची छाटणी करत होते, पण कात्री नुसती हातात धरलेली होती.

"हॉर्न मी स्वतः ऐकला," ते म्हणाले. "दोनदा, तीनदा. बहिऱ्यालाही जाग यावी असा. खोटं कसं सांगू? पण त्या पोराच्या गळ्याला फास लागेल असं काही आपल्या तोंडून जावं, हे मला सहन होत नाही."

"तुमचं आणि विल्फ्रेडचं बिनसलं होतं म्हणे."

टिंडलसाहेब कसनुसे झाले. "ते तुम्हीही ऐकलंत का? अहो, मला आजतागायत कळलेलं नाही काय झालं ते. दर रविवारी पहिल्या बाकावर बसायचे. प्रवचन चालू असताना माझ्या चेहऱ्यावरून नजर हलायची नाही. असा श्रोता मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. नाताळाच्या सुमारास मी ही दाढी ठेवली." त्यांनी छातीवर रुळणाऱ्या त्या जंगलावरून हात फिरवला. "आणि त्यांनी चर्चला येणं बंद केलं. रस्त्यात भेटले तर टोपी काढायचे आणि सटकायचे. एकदा मी अडवलं. म्हटलं, माझ्या हातून तुमचा काही अपमान झाला का? तर म्हणाले, 'हो हो, हवा छान आहे.' आणि गेले."

"दाढीमुळे कुणी देव सोडतं का, साहेब?"

"मलाही तेच वाटलं. दाढी काढायचाही विचार केला होता. एका माणसासाठी काढायला हवी होती हो."

मी फाटकापाशी आले आणि तिथेच थांबले. हवा छान आहे. त्यांना काय विचारलं होतं, आणि त्यांनी काय उत्तर दिलं होतं? अशी उत्तरं मी वॉर्डात शेकड्याने ऐकली आहेत. पहिल्यांदा मला वाटलं की हे कोडं न सुटलं तरच बरं.

५

जोनला घेऊन मी मैदानावर गेले. खेळपट्टीवर शनिवारच्या चुन्याच्या रेघा अजून होत्या. तिला चर्चच्या टोकाला, विल्फ्रेड उभे राहायचे तिथे उभं केलं आणि मी पांढऱ्या पडद्याशेजारी नोराच्या जागी जाऊन बसले. पिशवीतून किटली धरायचा लाल रुमाल काढला आणि तोंडापर्यंत उचलला. मग परत गेले.

"काय दिसलं?"

"तुम्ही बसल्या होतात," जोन म्हणाली. "चेहरा काही नीट दिसला नाही, मागच्या झाडांत सगळं मिसळून जातं. लाल तेवढं दिसलं. वर गेलं, खाली आलं."

मी खाली गवतावर बसले.

गिरणीत यंत्रमागांच्या खात्यात काम केलेली माणसं मी पुष्कळ बघितली आहेत. तिथे खडखडाट एवढा, की शेजारच्याचा शब्द ऐकू यायचा नाही. सगळे ओठांवरून बोलायचे. आवाज न काढता, तोंड मोठं करून. खात्याच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाची टिंगल करायचा, एक अक्षर न उच्चारता. विल्फ्रेडने जन्म त्याच खात्यात काढला. अशा माणसाचे कान हळूहळू जातात आणि त्याचं अडत नाही, कारण समोरच्याचे ओठ दिसत असतात. जोपर्यंत ओठ दिसतात तोपर्यंत. फोनला ओठ नसतात. टिंडलसाहेबांचे ओठ दाढीत बुडाले होते. मागून हाक मारणाऱ्या नातवाचे दिसत नव्हते, आणि मागून येणाऱ्या व्हॅनला तर नसतातच.

"जोन," मी म्हटलं, "तुझ्या बाबांना काहीही ऐकू येत नव्हतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मग ते झेल?"

"ते झेल ते ऐकत नव्हते. बघत होते."

अंपायर सामनाभर आपलं टोक सोडत नाही, आणि तिकडून गोलंदाजी असली की त्याची नजर सरळ समोरच्या टोकावर जाते. तिथे कीपरच्या मागे, शांत मैदानावर, कान देऊन एक बाई बसलेली असायची. आवाज झाला की लाल लोकर वर जायची. म्हणून तो स्वेटर कधी पुरा झाला नाही, आणि म्हणून टोक कधी बदललं नाही.

जोनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग तिच्या ध्यानात आलं. "म्हणजे शनिवारी आईने लोकर वर केली होती. आवाज झाला नसताना. आईने? कॉलिनला?"

६

नोरा खिडकीपाशी बसली होती. हात रिकामे. मी जोनला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि आत गेले.

"मला सगळं कळलंय, नोरा," मी म्हटलं.

"तुला काही कळलेलं नाही," ती म्हणाली. "घरी जा."

"विल्फ्रेड बहिरे होते."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या घरातून काही चोरून नेताना सापडले होते. मग ती बोलायला लागली ती खिडकीकडे बघतच.

"मी रफूच्या खोलीत होते, गिरणीत. तिथे शांत असायचं, माझे कान राहिले. त्यांचे गेले. आधी पक्षी गेले, मग चर्चची घंटा. कुणाला सांगू नकोस म्हणाले. मी म्हटलं, अंपायरिंग सोडा. तर लहान पोरासारखे रडले गं. त्या दिवशी मी लाल लोकर विकत आणली. मी कधी खोटं उचललं नाही. आपल्या गावासाठी नाही, कुणासाठी नाही. ऐकलं तरच उचललं."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी माझा नातू खेळत होता. दोन धावा हव्या होत्या. मला बघवेना. गोलंदाज धावत आला आणि मी डोळ्यांवर हात घेतले. हातात लोकर होती. त्या आरड्याओरड्यात मला काही ऐकूही आलं नाही. डोळे उघडले तर यांचं बोट वर."

मी तिचा हात धरला. तो गार होता.

"घरी आले तेव्हा मला विचारलं, 'लागला होता ना?' मी खरं सांगितलं. म्हटलं, मी घाबरून डोळे झाकले होते. कोटही न काढता तसेच उलट पावली निघाले. कुठे जाताय म्हटलं, तर म्हणाले, 'पोराचे पाय धरायला.'"

बाहेरच्या खोलीत जोनचा हुंदका ऐकू आला.

"म्हणजे मागून तो यांना शोधत येत होता," मी म्हटलं, "आणि पुढे हे त्यालाच शोधून परत येत होते. नोरा, हे बॉबला सांगायला हवं."

"नाही."

"कॉलिन आत बसलाय."

"मी शब्द दिलाय त्यांना. गिरणी गेली, कान गेले, उरला होता तो पांढरा कोट. ते अजून मातीतही गेले नाहीत, आणि मी तो कोट सगळ्या गावापुढे त्यांच्या अंगावरून ओढून काढू? लोक म्हणतील, बहिरा अंपायर. पोरं नक्कल करतील. त्यांचा एकेक निकाल उकरून काढतील."

तिचं काही खोटं नव्हतं. मला तिची बाजू इतकी पटली, की मी उठून जाणारही होते. पण बाहेर जोन रडत होती.

"तू गप्प राहिलीस तर त्यांचं नाव राहील," मी म्हटलं. "आणि त्यांच्या नातवाच्या नावापुढे लागेल, आजोबाला मारणारा. ज्याचे पाय धरायला ते निघाले होते त्याच्या. त्यांना विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

संध्याकाळ होईपर्यंत आम्ही तशाच बसून होतो. मग ती उठली, आरशासमोर उभी राहिली आणि टोपी घातली.

७

चौकशी गावच्या सभागृहात, मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे झाली. निदरगिलचीही माणसं आली होती. सगळ्यांनी काळे कोट घातले होते. नोराने उभं राहून सगळं सांगितलं, माझ्यापाशी सांगितलं त्याहूनही साधं. कुठे थांबली नाही, रडली नाही.

सगळं ऐकून झाल्यावर मागच्या बाकावरून निदरगिलचा एक म्हातारा गोलंदाज म्हणाला, "म्हणजे माझ्या अर्ध्या विकेटी नोराने दिल्या की." एकदोघे हसले. लगेच गप्प झाले. मग तोच म्हणाला, "एकही चुकीची नव्हती, साहेब. हे लिहून घ्या." बॉब ॲकरॉइड खाली मान घालून आपल्या बुटांकडे बघत होता. टिंडलसाहेबांनी दाढी काढली होती. उघड्या हनुवटीचे ते कुणी भलतेच दिसत होते.

अपघात, असा निकाल लागला. गाडी बेफिकिरीने चालवल्याचं कॉलिनला पुढे भोगावं लागणार होतं, पण खुनाचा आळ गेला. त्याला सोडलं. लोक दोन्ही बाजूंना सरकून उभे राहिले आणि विल्फ्रेडच्या बायकोला वाट करून दिली. जवळजवळ सगळ्यांनी टोप्या काढल्या होत्या. तिला ज्याची भीती होती तसं काही झालं नाही. निदान त्या दिवशी तरी नाही.

बाहेर अंगणात कॉलिन उभा होता. जोनने त्याला मिठी मारली. मग नोरा त्याच्यासमोर गेली. तो तिच्या डोळ्याला डोळा देईना.

"माझ्यामुळे झालं, बाळा," नोरा म्हणाली. "तुझी काही चूक नव्हती. चेंडू लागलेला नसताना मी तुला आउट केलं. मीच तुला त्यांच्याशी भांडायला लावलं आणि मीच त्यांना त्या रस्त्यावर पाठवलं. जन्मभर मला बोल लावलास तरी मी ऐकून घेईन."

कॉलिनचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. मला वाटलं, रडतोय.

"आजी," तो म्हणाला, "लागला होता."

"काय?"

"चेंडू. बॅटला लागला होता. अगदी कडेला. मला हातात कळलं. दोनच धावा हव्या होत्या आणि मला जिंकायचं होतं, म्हणून मी उभा राहिलो." त्याने श्वास घेतला. "नंतर सगळे माझ्याच बाजूने बोलायला लागले, मग सांगायचं कसं ते कळेना. माफी मागायला जात होतो ती त्याचीच."

मला त्या पोराच्या कानफटात द्यावीशी वाटली आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही. जोन भिंतीला टेकून उभी राहिली.

नोराच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला. मी तो स्वच्छ बघितला. ती ताठ उभी राहिली आणि सभागृहाच्या दाराशी जमलेल्या माणसांकडे वळून बघितलं, जणू आत्ता त्या सगळ्यांना हाक मारून सांगणार होती.

"म्हणजे त्यांनी बरोबर दिला होता," ती म्हणाली. "विल्फ्रेडचं बरोबर होतं."

"हो, आजी."

"शेवटचासुद्धा."

"हो."

मग तिचा चेहरा मोडला. शनिवारपासून जी बाई माझ्यासमोर, मुलीसमोर, भरल्या सभेत एकदाही रडली नव्हती, ती तिथे अंगणात नातवाचा कोट दोन्ही मुठींत धरून रडायला लागली.

"आणि हे त्यांना कुणी सांगितलंच नाही रे," ती म्हणाली.